शोधायला थांबले, की शोधायचे थांबले

उर्वशीचा इंग्रजीचा क्लास पवनीच्या बसस्टँडमागे, एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत भरायचा. लिपिक आणि तलाठी भरतीची तयारी करणारी चौदा-पंधरा मुलंमुली सकाळी दहाला यायची. त्या मंगळवारी ती एका क्रियापदामागून दुसरं क्रियापद आलं की काय होतं, ते शिकवत होती. काहींच्या पुढे ‘टू’ लागतो, काहींच्या पुढे ‘आयएनजी’. काहींना दोन्ही चालतात, पण अर्थ पार बदलतो.

“ही स्टॉप्ड टू टॉक, म्हणजे तो बोलायला थांबला. ही स्टॉप्ड टॉकिंग, म्हणजे तो बोलायचा थांबला,” ती फळ्यावर लिहीत म्हणाली. “पेपरात हे हमखास येते. नीट पाहून घ्या.”

टेबलावरचा फोन थरथरला. प्रीतमच्या कंपनीचा ग्रुप होता.

प्रीतम तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपासून तो ओमानच्या किनाऱ्याजवळ दगड वाहणाऱ्या एका बार्जवर कामाला होता. बार्ज म्हणजे सपाट बुडाची, इंजिन नसलेली अवजड नाव. टग नावाची छोटी पण दमदार बोट तिला पुढून ओढते. कंपनीच्या ऑफिसातला थॉमस नावाचा कारकून त्या ग्रुपवर कामगारांच्या घरच्यांना निरोप टाकायचा.

निरोप इंग्रजीत होता. पहाटे पाच-चाळीसला बार्ज उलटली. चारजण बेपत्ता. खाली चार नावं, त्यात तिसरं प्रीतमचं. आणि शेवटची ओळ: ‘टग स्टॉप्ड टू सर्च.’

उर्वशीनं ती ओळ पुन्हा वाचली. मागं फळ्यावर तिच्याच अक्षरात नियम लिहिलेला होता. टू आहे. म्हणजे टग शोधायला थांबली. शोधून राहिले आहेत ते. तिनं श्वास सोडला, “आज एवढंच,” म्हणाली आणि कोणी काही विचारायच्या आत जिना उतरू लागली.

अर्ध्या जिन्यात तिचे पाय थांबले. हा नियम तिला माहीत होता. थॉमसला माहीत होता का?

ती पायरीवरच बसली आणि त्याचे जुने निरोप वर सरकवू लागली. ‘क्रू एन्जॉय टू प्ले क्रिकेट.’ चूक. ‘प्लीज अव्हॉइड टू कॉल ऑन फ्रायडे.’ चूक. ‘वी फिनिश्ड टू रिपेअर द क्रेन.’ म्हणजे क्रेनची दुरुस्ती संपली. तिथंही टू. सहा महिन्यांच्या निरोपांत त्या माणसानं एकदाही ‘आयएनजी’ लावलेला नव्हता. तो डोळे मिटून सगळीकडे टू लावायचा.

मग त्याच्या इंग्रजीत ‘शोधायचं थांबवलं’ हे कसं लिहिलं असतं? अगदी असंच.

तिनं ऑफिसचा नंबर लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

घर नदीच्या अंगाला, ढिवरांच्या वस्तीत होतं. बाप इतवारी ओट्यावर फाटलेलं जाळं घेऊन बसला होता. माय बेबीबाई बाजारात मासोळी विकून नुकतीच आली होती, टोपली धूत होती. पोरगी क्लास अर्ध्यातच सोडून आली हे पाहताच इतवारीनं जाळं खाली ठेवलं.

“काय झालं वं? काहून आली?”

उर्वशीनं सांगितलं. बार्ज उलटली. प्रीतम सापडून नाही राहिला.

बेबीबाई टोपली धरून तशीच उभी राहिली. “मंग शोधून राहिले का नाही ते?”

“शोधाले थांबले, माय.”

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण नियमाप्रमाणे भाषांतर केलं. ‘शोधाचे थांबले’ हे दुसरं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

“थंड हाय का तिथचं पानी?” इतवारीनं विचारलं.

“नाही बाबा, ऊन पाणी असते.”

“मंग टिकन. काही धरून असन तं टिकन.” तो पुन्हा जाळं उचलायला गेला, पण दोरा काही त्याच्या हातात येईना.

बेबीबाई जवळ आली. “जे लिवलं हाय थे जसंच्या तसं वाच.”

उर्वशीनं वाचलं. मायला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण लेकीचा गळा तिला ओळखू येत होता.

“तुहा आवाज काहून कापून राहिला? आनखी काय लिवलं हाय?”

“काही नाही माय.”

तेवढ्यात फोनवर अनोळखी नंबरचा निरोप आला, मोडक्या हिंदीत. यादीतलं चौथं नाव अप्पन्नाचं होतं. प्रीतमच्या शेजारच्या खाटेवरचा, आंध्रातल्या श्रीकाकुळमकडचा. ही त्याची बायको पार्वतम्मा. ‘दीदी, प्रीतमभैया बोले थे आप इंग्लिश टीचर हो. स्टॉप मतलब ढूँढना बंद किया क्या?’

उर्वशीनं ‘नहीं’ लिहिलं. पुसलं. मायला थोपवता आलं होतं, पण ही बाई विचारत होती तोच प्रश्न तिला स्वतःलाही पडला होता. शेवटी तिनं लिहिलं: ‘मालूम नहीं बहन. मैं पूछ रही हूँ.’

मग ती घरामागे नदीच्या पायऱ्यांवर गेली आणि थॉमसला विचारायला वाक्य जुळवू लागली. ‘डिड यू स्टॉप’ असं विचारलं तर तो ‘येस’ म्हणेल, आणि त्या येसचा अर्थ पुन्हा दोन्हीकडे जाईल. स्टॉप हा शब्दच नको. एक क्रियापद, त्याच्या पुढे दुसरं नको. लहान पोरालाही कळेल असं तिनं लिहिलं: ‘इज द टग सर्चिंग नाऊ? येस ऑर नो?’

निरोप गेला. कोणी वाचला नाही. वैनगंगेवर दोन डोंगे पलीकडे जात होते. तिनं तिकडे पाहायचं टाळलं. पाणी पाहिलं की त्यात प्रीतमचं डोकं वर येताना दिसायचं आणि खाली जाताना दिसायचं. पाऊण तास गेला. माय मागं येऊन बसली होती. तिला सगळं समजलं असावं. ती लेकीचा पदर मुठीत धरून बसली.

खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं: ‘येस. नाऊ टू बोट्स.’

“शोधून राहिले, माय! दोन बोटी हायेत!”

तिनं तेच पार्वतम्माला कळवलं.

साडेतीनला फोन वाजला. थॉमसचाच. तिघं सापडले होते. प्रीतम एका रिकाम्या प्लास्टिकच्या ड्रमला धरून होता. खांदा मोडला होता, पण जिवंत होता. इतवारीनं ओट्यावरचं जाळं पुन्हा मांडीवर घेतलं.

“अँड अप्पन्ना?” उर्वशीनं विचारलं.

चौथा माणूस सापडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी शोध बंद झाला. थॉमसनं ग्रुपवर टाकायच्या आधी उर्वशीला फोन केला. त्याचा आवाज थकलेला होता. “मॅडम, माझं इंग्लिश बरोबर नाही,” तो हिंदीत म्हणाला. “त्या बाईंना काय लिहू? तुम्ही वाक्य द्या.”

“लिहू नका,” उर्वशी म्हणाली. “तेलुगू बोलणारा कोणी असेल तर त्याला फोन करायला सांगा. तिला वाचत बसू देऊ नका.”

त्यानं ऐकलं.

महिन्याभरानं प्रीतम वरठीच्या स्टेशनवर उतरला. हात गळ्यात अडकवलेला, पाठीवर एकच बॅग. ती त्याची नव्हती. “अप्पन्नाची हाय, खोलीवर राह्यली होती. माही बुडाली,” तो म्हणाला. “दोघंबी एकच ड्रम धरून होतो. मले वाटलं तो मागंच हाय.”

पार्वतम्माला बॅग पोस्टानं पाठवायला तो तयार नव्हता आणि एकटा जायला भीत होता. रात्री गाडीच्या आवाजानंही दचकायचा. म्हणून पुढच्या रविवारी क्लासला सुट्टी देऊन उर्वशी त्याच्यासोबत नागपूरहून विशाखापट्टणमच्या गाडीत बसली. बॅग दोघांच्या मध्ये सीटवर होती. तेलुगूचे चार शब्द तरी शिकून घ्यावेत असं तिला वाटत होतं, पण कोणते, ते तिला कळत नव्हतं.