एटेलची साक्ष

एटेल बटाट्याच्या उंड्यात आलुबुखार भरत होती, तेवढ्यात दार ढकलून गिझेला आत आली. उंडा फरशीवर पडला. एटेलनं तो उचलला नाही.

आर्मिन खुर्चीवरून उठला. गिझेलाचा नवरा. आता एटेलचा.

“गिझी... तू?”

“कोणीतरी बर्फातून उचललं. तेव्हापासून जर्मनीतच, हॉस्पिटलात. वर्षभर. नाव लिहायलाही हात उचलत नव्हता.”

एटेलचं पोट दिसू लागलं होतं. आर्मिन तिच्याकडे वळला.

“तू धर्मगुरूंपुढे साक्ष दिलीस, म्हणून त्यांनी आपलं लग्न लावलं. तुझ्या हातांनी हिचे डोळे मिटलेस, म्हणालीस.”



छावणीत दोघी एकाच फळीवर झोपायच्या. हिवाळ्यात पहारेकऱ्यांनी सगळ्यांना पायी हाकत नेलं, तेव्हा गिझेला बर्फात कोसळली. “पाणी आणते, इथंच थांब,” असं म्हणून एटेल गेली. एकदा वळून पाहिलं आणि रांगेत मिसळली. गिझेला थांबली होती. हंगेरीतल्या मिश्कोल्ट्स गावातलं घर, आर्मिनचं नाव, तो कशावर रुसतो नि कशानं हसतो, सगळं त्या फळीवर तिनंच एटेलला सांगितलं होतं.

“गिझी, खरं काय ते तू सांग,” आर्मिन म्हणाला.

एटेलनं पिठाचा हात पोटावर दाबून धरला होता. गिझेला त्या हाताकडे पाहत राहिली.

“मला शुद्धच नव्हती. मेलेलीच दिसले असेन.”

आर्मिन मटकन बसला आणि रडू लागला. त्याच्या खांद्याकडे गेलेला हात गिझेलानं वाटेतच मागे घेतला आणि ती बाहेर पडली.

जिन्यात एटेलनं तिला गाठलं.

“खोटं का बोललीस? शिव्या घाल मला. थोबाडीत मार!”

“तुझ्या पोटातल्यानं माझं काय वाकडं केलंय?” गिझेला दोन पायऱ्या उतरली. “आणि माफ केलंय असं समजू नकोस.”

छावण्यांतून परतलेल्या पोरी राहत त्या घरात गिझेला पोचली, तेव्हा सूप खारट झाल्यावरून भांडण जुंपलं होतं.

“कोणी भेटलं का गं?” त्या पोरींतल्या विल्मानं तिला विचारलं.

“नाही.”

तिथं पुढचं कोणी विचारत नसे. विल्मानं सरकून बाकावर जागा केली.

“बस मग. संध्याकाळी नाच आहे, मला जोडीदारीण हवीय. ही क्लारा नाचत नाही, द्राक्षं तुडवते!”

“तुझेच पाय मेले वाटेत येतात!” क्लारा ओरडली.

कोणीतरी मोकळं, खळखळून हसलं. कोण म्हणून गिझेलानं मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. तिचे स्वतःचेच ओठ अजून हसत होते.