अपरिहार्य कारण

“मॅडम, हे पैसे आम्ही नाही कापले. सिस्टीमनं कापलेत.”

“मग सिस्टीमला बोलवा,” नीला कर्णिक म्हणाली. “मी तिच्याशीच बोलते.”

काचेपलीकडची अदिती कीबोर्डकडे बघायला लागली. नुकतीच बँकेत लागलेली कोवळी मुलगी. तिच्यावर चिडून उपयोग नव्हता, हे नीलाला कळत होतं. पण गेला आठवडाभर ती ज्यांच्यावर चिडली होती, त्यांच्यातल्या एकावरही चिडून उपयोग झाला नव्हता. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कल्याण नाक्यावरच्या ऑफिसात म्हणाले, बँकेत जा. बँकेच्या फोनवर एक बाई गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, शाखेत जा. शाखेत काल नेट बंद होतं. टेमघरहून शेअर रिक्षानं, खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घेत ती आज पुन्हा आली होती.

भानगड साधी होती. घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या हप्त्याएवढे पैसे या महिन्यात खात्यात नव्हते. कंपनीनं तो हप्ता लागोपाठ तीनदा मागितला, तिन्ही वेळा तो परत गेला, आणि दर वेळी बँकेनं पाचशे नव्वद रुपये दंड लावला. खात्यात पैसे नाहीत म्हणून खात्यातलेच पैसे कापायचे! नीला बालवाडीत शिकवायची. तिचा तुटपुंजा पगार जमा होताच त्यातून हा दंड वळता झाला आणि गॅस सिलिंडर राहून गेलं. घरात विजेच्या शेगडीवर एका वेळी एकच भांडं चढत होतं.

“एक करता येईल,” अदिती म्हणाली. “खरंच अडचण असेल तर काही चार्जेस परत मिळतात. अर्जात कारण लिहा. मी वर पाठवते.”

नीलानं उभ्याउभ्याच अर्ज खरडला. अदितीनं तो वाचला.

“‘काही अपरिहार्य कारणामुळे...’ असं नाही चालत, काकू. वरचे लोक परत पाठवतात. नेमकं काय झालंय?”

नेमकं काय झालं होतं ते नीलानं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. तिचा नवरा, माधव, यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघायचा. उभी हयात तिथेच गेली. दिवाळीनंतर मालकानं लूम भंगारात काढले, जागा गोदामाला दिली आणि माधवला घरी बसवलं. बिल्डिंगमध्ये मात्र नीलानं सांगून ठेवलं होतं, ह्यांचं काम आता घरूनच चालतं, कॉम्प्युटरवर. घरातला कॉम्प्युटर बंद पडूनही जमाना झाला होता. आज ती निघताना माधव म्हणाला होता, “जाऊ दे ना. गेले ते गेले. कशाला चारचौघांत शोभा करून घेतेस?”

मागे रांग वाढली होती. रांगेत तिच्याच मजल्यावरची वैशाली होती, पासबुकानं वारा घेत. नीलानं तिला आल्याआल्याच पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

“हळू सांगते हं, तू लिहून घे,” ती काचेजवळ तोंड नेत पुटपुटली.

“ऐकू नाही येत, काकू. मोठ्यानं बोला, मध्ये काच आहे.”

त्या काचेनंच तिचं डोकं फिरलं.

“माझ्या नवऱ्याची नोकरी गेलीय!” आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. “कारखाना बंद पडलाय. माझ्या पगारात घर भागत नाही. पैसे नाहीत, म्हणून हप्ता गेला नाही. आता आलं ऐकू? का अजून स्पष्ट सांगू?”

सगळ्या बँकेत पंखा तेवढा फिरत राहिला. मग रांगेतला एक लूमवाला म्हणाला, “मॅडम, मेरा भी कटा है. भाभी के साथ मेरा भी लिख लो ना.”

“लाइन से, भैया, लाइन से,” अदिती म्हणाली. तिनं मान खाली घालून अर्जावर कारण लिहिलं आणि सहीसाठी कागद फटीतून बाहेर सरकवला.

नीलानं सही केली. वळून पाहिलं तर वैशाली पासबुकात डोकं खुपसून उभी होती.

पुढच्या आठवड्यात मोबाइलवर मेसेज आला. दोन दंड परत जमा झाले होते. तिसरा का नाही, आणि ते विचारायचं कुणाला, याचा त्यात पत्ता नव्हता.

“तीन होते ना?” माधव म्हणाला.

“तिसऱ्यासाठी तुम्ही जा!” नीला खेकसली. मग तिनं सिलिंडरचा नंबर लावला.

रविवारी सकाळी ती पोळ्या लाटत होती. बाहेर जिन्यात वैशाली आणि तळमजल्यावरची मृणाली यांचे आवाज आले. बिल्डिंगच्या सत्यनारायणाची वर्गणी गोळा करत दोघी फिरत होत्या. समोरच्या दाराची बेल वाजली. शेजारची वाजली. मग पावलं वरच्या मजल्याकडे निघाली.

नीलानं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच दार उघडलं.

“वैशाली, आमचं राहिलं.”

वैशाली पायरीवरच थबकली. “अगं, ते... या वर्षी तुमचं राहू दे. सगळ्यांनी मिळून ठरवलंय.”

“सगळ्यांनी म्हणजे कुणी? आम्ही नव्हतो त्यात.”

“तसं नाही गं. आम्हाला वाईट वाटलं म्हणून.”

“वाईट वाटलं तर चहाला ये. आधी पावती फाड.”

तिनं हात पदराला पुसले आणि पर्समधून दरवर्षीएवढेच पैसे काढून दिले. मृणालीनं घाईघाईनं पेन उघडलं.

“नाव...?”

“माधव कर्णिक,” मागून आवाज आला. शर्टाची बटणं लावत माधव दाराशी आला होता. वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

 नीला जराशी बाजूला सरकली आणि दारात त्याला उभं राहायला जागा करून दिली.