सोड्याचा गॅस आणि सहा पानवेली

मित्रांनो, जरा लांबच बसा. मी एक जुना, काळा, गॅसचा सिलिंडर आहे आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. का बसावा? लोखंड तापवून, ठोकून मला घडवलं आणि लगेच आत दाबानं पाणी भरून मी फुटतो का ते पाहिलं! जन्मल्या जन्मल्या ज्याच्यावर संशय घेतला, तो पुढं भोळा कसा राहील?

माझ्या पोटात सोड्याचा गॅस असायचा, म्हणजे कर्बवायू. तुम्ही श्वास सोडता तेव्हा तोच बाहेर पडतो. इस्लामपुरात नानासोंच्या गोटीसोड्याच्या दुकानात मी आलो. केरबा तिथला जुना गडी. रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा, मग बाटल्यांचं यंत्र हातानं गरागरा फिरवायचा. लोक सोडा पिऊन वाहवा करायचे, पण त्यात माझं नाव कुणी घेत नसे. असो.

बहात्तरच्या दुष्काळातला, त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. दुपारी नानासो आडवे झाले आणि केरबा जेवायला घरी गेला, की नानासोंची बायको शकुंतलाबाई दबक्या पावलांनी माझ्याकडे यायची. आधी दाराकडे बघायची. मग माझ्यावर रबरी नळी चढवून तिचं दुसरं टोक मागच्या खोलीत न्यायची. तिथं खिडकीच्या उन्हात जुन्या तावदानांची एक काचपेटी होती आणि पेटीत सहा डब्यांत सहा पानवेली. बाई माझी चावी जरा फिरवायची, दहापर्यंत मोजायची आणि बंद करायची.

मला काही हे लक्षण बरं दिसेना. माझ्या गॅसनं रॉकेलची पेटती चिमणी विझते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ही बाई त्या वेलींच्या जिवावर उठली की काय? आणि चांगलं काम असेल तर लपूनछपून कशाला?

एके दिवशी शेतीशाळेचे गोपाळकृष्ण मास्तर सोडा प्यायला आले. नानासो बाहेर गेलेले बघून बाई हळूच म्हणाली, "मास्तर, तुमी सांगितल्यापरमानं करतीया. दोन वेलींना पानं फुटली!"

"फुटणारच," मास्तर म्हणाले. "झाडाचं खाणंच आहे ते. बंद पेटीत ते लवकर संपतं, म्हणून वेली खुरटल्या होत्या. पण गॅस ऊन असतानाच द्या, आणि थोडाच. खोलीची खिडकी उघडी ठेवा. हा गॅस कोंडला तर माणूस गुदमरतो."

"माहेरी आबांचा सगळा पानमळा दुष्काळात वाळला, मास्तर. ह्या सहा कांड्या तेवढ्या हाती लागल्या. ह्या गेल्या तर माझ्या माहेरचं पान संपलं." तेव्हा कुठं माझा संशय फिटला, आणि खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली.

पण नानासोंना हे कोण सांगणार? ऐन हंगामात गॅस मिळायची मारामार. झाडाला गॅस घालते म्हटल्यावर त्यांनी पेटीच फोडली असती.

आता माझी एक खोड सांगतो. माझ्या पोटात दाबामुळं गॅसचं पाणी झालेलं असतं. त्याचा थेंब शिल्लक असेपर्यंत वरच्या, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा जागचा हलत नाही, आणि ते संपलं की एकदम खाली येतो. खरा गॅस कळतो तो मला तोलून. नानासोंनी मला कधी तोललं नाही. त्यांचा सगळा भरवसा काट्यावर.

नानासो एका लग्नाला जतला गेले आणि नेमका त्याच दिवशी काटा पडला. परत येऊन बघतात तर काय!

"केरबा, कालपत्तर काटा वर हुता. गॅस कुठं गेला रं?"

"मालक, बाटल्यांतच गेला. दुसरीकडं कुठं जाईल?"

"एका दिसात? कुणाला इकलास त्ये सांग!"

गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून बघत राहिली. केरबानं खांद्यावरचं फडकं काढलं, माझ्यावर ठेवलं आणि तो पायरी उतरून गेला. आतल्या दारात शकुंतलाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं, आणि तरी त्या दिवशी ती गप्प बसली. वेलींपायी गप्प बसली!

रात्रभर तिचा डोळा लागला नसावा. सकाळी ती नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली. "आवं, गॅस म्या घेतला, माझ्या पानवेलींसाठी. केरबाभाऊंनी न्हाई. पेटी फोडायची तर फोडा."

नानासो तणतणत मागच्या खोलीत गेले. पाठोपाठ फोडल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होतो. आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते खाली मान घालून. तिनं घेतलेला गॅस चार बाटल्यांचाही नव्हता हो! बाकीचा सगळा उन्हाळ्याच्या सोड्यात गेला होता. पण मी कुठून सांगणार?

केरबाला बोलावणं गेलं. तो पायरीवरच थांबला.

"चुकलं गड्या माझं," नानासो म्हणाले. "ये, यंत्राला हात लाव."

केरबा शांतपणे म्हणाला, "मालक, तुमी काट्याचं ऐकलंसा, माझं न्हाई. माझ्यावर नुसता आळ घेतलासा. न्हाई जमायचं आता."

शकुंतलाबाईनं रडत रडत सहांतली सगळ्यात चांगली वेल त्याच्यापुढं धरली. ती मात्र त्यानं घेतली. "हिचा काय गुन्हा, वैनी?" म्हणाला, आणि डबा पोटाशी धरून निघून गेला.

पुढं तो साखर कारखान्यात लागला. मला पुसायचं मग कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझी चावी गंजली आणि मी मागच्या भिंतीला टेकलो.

मित्रांनो, मला बंद खोलीत उघडू नका, आडवं टाकू नका, वेळच्या वेळी तोलून बघा, एवढं माझ्यासाठी करा. आणि कधी काही हरवलं, कमी भरलं, तर आमच्यासारख्या मुक्या लोखंडाकडं बघून निकाल देऊ नका. जवळ बोलणारा माणूस उभा असतो. त्याला आधी नीट विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.