रावजींची सुई

डॉक्टरांनी रावजींच्या गळ्यातला कॅन्सर काढला आणि त्यासोबत आवाजही काढून नेला. पंचवटीत ज्यांचं भजन ऐकायला भाजीवाल्या टोपल्या झाकून बसायच्या, त्या रावजींच्या गळ्याला आता एक भोक होतं, भोकात नळी होती, आणि बोलायला गेलं की नळीतून नुसती खरखर बाहेर यायची. तंबाखूनं घात केला, असं लोक म्हणत. तंबाखू तर निम्मी पंचवटी खाते. देवाला नेमका गाणाराच बरा सापडला, असं रावजींनी पाटीवर लिहिलं, बायकोपुढे धरलं, आणि त्या दिवसापासून देवघरासमोर बसणं सोडून दिलं.

बायकोला हाक मारायची तर काहीतरी हवं, म्हणून त्यांनी एक घंटी आणली. आता पंचवटीत घंटी मागितली तर पूजेचीच मिळणार. कुसाबाईला ते मुळीच पटलं नाही. "देवाची घंटी वाजवून माझ्याकडून च्या मागता व्हय?" ती म्हणाली. पण माणसाला सगळ्याची सवय होते. थोडी वाजली की पाणी किंवा चहा, जोरात वाजत राहिली की हातातलं टाकून धावायचं, हे तिला न शिकवता समजलं.

रावजींचा आवाज उरला होता तो एका काळ्या तबकडीत. तरुणपणी मुंबईच्या एका कंपनीनं त्यांची चाचणी घेतली होती. गाणं बाजारात कधी आलंच नाही, पण चाचणीची तबकडी हातात पडली. ती काही दुकानातल्या रेकॉर्डसारखी टणक नव्हती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या रंगाचा मऊ थर, त्या थरात कोरलेला आवाज, आणि साऱ्या जगात प्रत एवढी एकच. रावजींनी ती जपायला हवी होती. त्यांनी ती दर गणपतीत, दर दिवाळीत, आल्यागेल्यासमोर वाजवली, तीही जुन्या प्लेअरवर, ज्याची जाड सुई शेतात नांगर चालावा तशी चालायची. शेवटी शेवटी गाण्यापेक्षा घासल्याचाच आवाज जास्त येऊ लागला, आणि नेमका तेव्हाच गळाही गेला.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण चांदवडला दिलेल्या मुलीला, मीनाला, ऑपरेशननंतरच्या वर्षी मुलगी झाली. तृप्ती. ती बोलायला लागल्यापासून विचारायची, "आजोबा, तुम्ही बोलायचात तेव्हा तुमचा आवाज कसा होता?"

"लय गोड व्हता," कुसाबाई सांगायची.

"गोड म्हणजे कसा?"

गुळासारखा म्हणावं तर पोर हसायची. तिनं आपल्याला एकदा ऐकावं, एवढी एकच इच्छा रावजींच्या मनात उरली होती, आणि ती त्यांना आतून जाळत होती.

सातपूरच्या कारखान्यात विजेच्या मीटरांची वेटोळी गुंडाळण्यात रावजींची नोकरी गेली होती. तिथल्या एका साहेबानं त्यांना एकदा परदेशी मासिकातलं समजावून सांगितलं होतं. जाड सुई रेकॉर्डच्या चरीच्या भिंतीला वरवरच घासते. हिऱ्याचं टोक पात्यासारखं बारीक तासलं, तर ते त्याखाली उतरतं, जुनी सुई कधी पोचलीच नाही तिथं. म्हणजे खाली आवाज अजून कोरा असणार! रावजींच्या डोक्यात हे जे घुसलं ते घुसलंच.

त्याच साहेबाच्या मुलानं जपानहून तसा हिरा आणून दिला. गवताच्या काडीहून बारीक दांडीवर बसवलेला, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा. पुढचं सगळं रावजींनी घरी केलं. केसाहून बारीक तांब्याची तार भिंगाखाली गुंडाळून दांडीच्या मागच्या टोकाला चिकटवली, दोन्ही बाजूंना चुंबक बसवले. सुई हलली की वेटोळं हलणार, आणि हलण्यातून उठलेली एवढीशी वीज म्हणजेच आवाज. हे सगळं ज्यात बसवायचं त्या घरासाठी आधी लाकूड पाहिलं, गाणं दबलं. ॲल्युमिनियम पाहिलं, गाणं किरटं झालं. शेवटी तांबट गल्लीतून पितळ आणून नुसती चौकट केली, भिंती ठेवल्याच नाहीत. तेव्हा कुठं बाजारातल्या एका जुन्या रेकॉर्डवर तबल्याची शाई बोटाखाली कशी वाजते ते ऐकू आलं. सुईचा भार दोन-तीन शेंगदाण्यांएवढा. रावजी त्या दिवशी जेवायला उठले नाहीत.

"नाकापेक्षा मोती जड," कुसाबाई प्लेअरकडे बघत म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं होतं. किती तरी दिवसांनी माणूस हसला होता.

काळी तबकडी मात्र त्यांनी लावली नाही. तिचा थर कडेला सुटू लागला होता, म्हणून एकदाच वाजवायची, तेव्हाच टेपवर उतरवून घ्यायची, आणि तेव्हा तृप्ती समोर हवी. मीना तिला आदल्या दिवशीच आणणार होती, पण रावजींनी दसऱ्यालाच बोलावलं. दसरा हा साडेतीन मुहूर्तांतला. देव सोडला तरी रावजींचा मुहूर्त काही सुटला नव्हता! तो सुटला असता, तर आदल्याच दिवशी काम झालं असतं.

दसऱ्याच्या सकाळी रावजी मागच्या अंगणात नळाखाली गळ्याची नळी धूत बसले होते. घंटी नेहमीप्रमाणे शेजारी होती. खिडकीच्या गजांतून आतली खोली दिसत होती. कुसाबाईनं शिलाई मशीन पुजलं, विळी पुजली, रावजींची पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहिला. मग निरांजन घेऊन ती प्लेअरकडे वळली.

प्लेअरवर फडकं मारायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पूजा म्हणजे काही फडकं मारणं नव्हे. सायखेड्याला तिच्या माहेरी दसऱ्याला नांगराच्या फाळालासुद्धा कुंकू लागायचं. ज्याच्यावर नवऱ्याचा एवढा जीव, ते हत्यार बिनपुजेचं ठेवायचं कसं?

तिनं ओल्या हळदीत बोट बुडवलं.

रावजींनी ओरडायला तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून हवा निघून गेली, दुसरं काही नाही. नळी हातात, ती बसवल्याशिवाय चार पावलं टाकली की धाप, आणि दार घराला वळसा घालून पार पलीकडं. त्यांनी घंटी उचलली आणि जीव खाऊन वाजवली.

कुसाबाईनं वळून पाहिलं. नवरा घंटी वाजवत होता. पूजेच्या वेळी. आपण होऊन. तिचे डोळे भरून आले. तिनं निरांजन ओवाळायला घेतलं आणि आरती म्हणायला लागली. घंटी जितकी जोरात वाजेल, तितका तिचा आवाज चढत गेला. एक कडवं म्हणून होताच तिनं त्या पितळी चौकटीला हळद लावली, कुंकू लावलं, आणि खाली सुईला लागलं नाही असं वाटून, बोट खालून वर नेऊन तिलाही लावलं. वर अक्षता टाकल्या.

रावजी आत पोचले तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती. "किती वर्षांनी घंटी वाजवली वो तुमी," ती म्हणाली. "म्या म्हनत व्हते ना, देव कुठं जात नाय."

त्यांनी भिंग लावून पाहिलं. वेटोळ्यात हळदीचा चिखल. दांडी मुळातून मोडलेली. हिरा कुठल्या कुंकवाच्या कणात गेला होता, कुणास ठाऊक.

रावजींनी पाटी घेतली. "हे" एवढं लिहिलं. मग कुसाबाईच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तळहातानं पुसून टाकलं. तिला सांगून सुई थोडीच जुळणार होती? दैव देतं आणि कर्म नेतं. इथं तर कर्मही कुणाचं वाईट नव्हतं, आणि हेच त्यांना सहन होत नव्हतं. राग धरायलासुद्धा जागा नव्हती.

संध्याकाळी मीना तृप्तीला घेऊन आली. पोरीनं आजोबांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, पाया पडली, आणि प्लेअरसमोर मांडी घालून बसली. "लावा ना आजोबा."

तसा हिरा पुन्हा येणार नव्हता. आला असता तरी रावजींचे डोळे आता तेवढे चालणार नव्हते. ती तार त्यांनी शेवटची गुंडाळली होती. तबकडीचा थर तर पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकणारच नव्हता. मग राखायची कुणासाठी? त्यांनी जुनी जाड सुई बसवली आणि तबकडी लावली.

आधी तबल्यासारखं काही वाजलं. मग खरखर. खरखरीच्या आत कुणीतरी गात होतं, पण ते फक्त ज्याला गाणं पाठ होतं त्यालाच कळत होतं. सुईसमोर काळ्या थराची बारीक वळी गोळा होऊ लागली.

तृप्तीनं कान देऊन ऐकलं. मग उठून आजोबांच्या गळ्याच्या नळीला कान लावला, पुन्हा येऊन तबकडीशी बसली, आणि खुदकन हसली.

"आजी, तू उगाच सांगतेस. आजोबांचा आवाज तर आत्तासारखाच होता!"

रावजींनी सुई उचलली नाही. ती आपली तासत राहिली, पत्रा लागेपर्यंत.

अंधारून आलं तशी कुसाबाईनं देवाजवळ दिवा लावला, आणि घंटी आणून त्यांच्या हातात दिली. "सांजच्या आरतीलाबी तुमीच वाजवा," ती म्हणाली.

रावजी देवघरासमोर जाऊन बसले आणि आरती संपेपर्यंत घंटी वाजवत राहिले.