मुकी मेटॅडोर

"सांगितलं तर मला येड्यात काढशीला, पावणं. पर ह्या समोरच्या दुकानात एक माणूस व्हता, त्येनं गाडी आतनं अशी काय मढवली, की तिच्यात कोंबडं कोंडलं तर भर दुपारी रात झाली म्हणून झोपून जायचं!"

एवढं बोलून मी चहा वरून खाली असा काही ओतला, की पावण्याची नजर धारेवर खिळली. गिऱ्हाईक एकदा नजरेत अडकलं की निम्मी गोष्ट झालीच.

पावणा गडहिंग्लजकडचा. सुमो घेऊन आलेला. गाणं लावलं की दारं डब्यात खडे हलवल्यासारखी वाजतात, अशी त्याची तक्रार. कुणीतरी जुनं नाव सांगितलं म्हणून उचगावापर्यंत आला, तर समोर शटर खाली. पाटीवर अक्षरं मात्र अजून शाबूत: 'भाऊसो टेप अँड कुशन'. शटरला लागून पत्र्याच्या आडोशाला मीनाबाई, म्हणजे भाऊसोची बायको, मशीनवर सीटची कव्हरं शिवत होती. तिचं मशीन जुनं आहे, खडाखडा चालतं. ते चालू असलं की तिला टपरीवरचं काही ऐकू जात नाही. म्हणून ही गोष्ट मी नेहमी मशीनच्या आवाजातच सांगतो.

बाकावर दोन ट्रकवाले होते. कोपऱ्यात आमचा रोजचा म्हातारा बशी फुंकत बसला होता.

"कोंबडं झोपायचं?" एक ट्रकवाला म्हणाला. "आप्पा, मागल्या खेपंला बोकड सांगितलावतासा."

"बोकड येगळं. बोकडानं आत शिंकून बघितलं, त्येला सोताची शिंक ऐकू आली न्हाई, म्हणून बाहीर यून परत शिंकला."

सगळे हसले. म्हातारा क्षणभर मागाहून हसला.

"भाऊसोचा कान म्हणजे कान न्हवं," मी पुढे चालू ठेवलं. "हायवेवरनं ट्रक गेला तर त्येचा कुठला नट सैल हाय, हे हितं बसून सांगायचा. एकदा बेळगावकडं चाललेल्या टँकरला हाका मारत पळाला. ड्रायव्हर थांबला, बघतो तर मागच्या चाकाचा नट हातात आला. त्यो ड्रायव्हर पाया पडला ओ."

हे मात्र बरंचसं खरं होतं. टँकर नव्हता, टेम्पो होता, आणि पाया कुणी पडलं नव्हतं. पण मुंबईला जाणारे ड्रायव्हर उचगावात थांबून त्याच्याकडूनच स्पीकर बसवून घ्यायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा माझं दुकान त्याच्या शेजारी होतं, कॅसेटचं. त्यानं स्पीकर बसवायचे आणि मी कॅसेट विकायची, असा आमचा जोडधंदा. दिवसभर माणूस केबिनमध्ये डोकं घालून बसायचा आणि ड्रायव्हर म्हणायचे, "अजून वाढवा की, भाऊसो! पार छातीत दणका बसाय पायजे!" मग तो अजून वाढवायचा.

"मग ती गाडी?" पावण्यानं विचारलं.

"सांगतो. सत्त्याण्णव साल. शिरोळचं संग्रामराव, ऊसवालं, जुनी मेटॅडोर घिऊन आलं. म्हणालं, भाऊसो, हिचं चाकावरलं घर करायचं. आत बिछाना, शेगडी, खिडकीला पडदं. पावण्यास्नी गोवा, गोकर्ण फिरवायचं. पर आत बसलं की इंजनाचा आवाज येता कामा न्हाई, आन गाणं असं वाजाय पायजे की म्हणणारा शेजारी यून बसल्यागत. ही मनासारखी झाली तर अशा आणिक चार गाड्या करणार, आन त्या समद्या तुझ्याकडं."

भाऊसोनं त्या चार गाड्या तेव्हाच मनात पाहिल्या. ट्रकांची किरकोळ कामं परत पाठवली. "आता बारकी कामं न्हाईत, आप्पा," मला म्हणाला. मला! ज्याच्या कॅसेटी त्या बारक्या कामांवर खपायच्या.

मेटॅडोर त्यानं आतून पार उघडी केली. बत्तीच्या जाळानं डांबराची शीट मऊ करायची आणि पत्र्याला चिकटवायची. त्यावर लोकरीचा जाड नमदा, नमद्यावर फोम, वरून रेक्झिन. दाराच्या पोकळीतसुद्धा हात घालून डांबर थापलं. नवे स्पीकर प्लायवूडच्या चकतीवर आवळले, मोठा स्पीकर बिछान्याखालच्या पेटीत. आणि हे सगळं करताना हातागणिक पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोका. टण्ण वाजलं की अजून डांबर. ठप्प वाजलं की पुढचा पत्रा. त्याची शेवटची परीक्षा ठरलेली होती: टेप चालू असताना दारावर तळहात ठेवायचा. दार थरथरलं तर काम फसलं. दार गप्प राहिलं तर साधलं.

एक गोष्ट मात्र गमतीची. ठोका मारला की तो पत्र्याकडे बघायचाच नाही, मीनाबाईकडे बघायचा. ती समोर उभी. तिनं पदर खांद्यावर सारखा केला की हा पुढे सरकायचा, नाहीतर परत डांबर. आम्ही चिडवायचो, "काय भाऊसो, बायकोला इचारल्याबिगर बोटबी हलंना व्हय रं!" तो आमच्या तोंडाकडे बघून हसायचा.

"लई प्रेम म्हणायचं," पावणा म्हणाला.

"तर! आन गाडी झाली ओ पुरी. संग्रामराव माणसं घिऊन आलं. नवी गाडी म्हटल्यावर नारळ पायजे, मीनाबाई नारळ आन हळदकुंकू आणाय घरात गेली. संग्रामराव म्हणालं, तवर एक गाणं हून जाऊ दे. कॅसेट माझ्याच दुकानातली, करकरीत नवी. ह्याच हातानं मी ती टेपात घातली, पावणं. ह्याच!"

मी उजवा हात वर केला. चहाची गाळणी त्याच हातात होती, चार थेंब पावण्याच्या बुटावर पडले.

"आन गाणं लागलं. काय सांगू! म्हणणाऱ्याच्या घशात सुपारीचं खांड अडकलंवतं, तेबी ऐकू आलं. भाऊसोनं दारावर हात ठेवला. दार देवाच्या मूर्तीगत गप्प. भाऊसो म्हणाला, 'लई ग्वाड वाजतंय.' समदी टाळ्या वाजवाय लागली. संग्रामरावांच्या डोळ्याला पाणी आलं. म्हणालं, भाऊसो, तू आता हितं ऱ्हायाचं न्हाई. चल माझ्यासंगं. तवापासनं भाऊसो त्या गाडीतनंच फिरतोय बघा. आता गोकर्णाला असंल. म्हणून दुकान बंद. न्हाईतर तुमची सुमो त्येनं अशी मुकी केली असती, की तुमची बायको शेजारी बसून भांडली तरी…"

"आज गोकर्णाला व्हय? मागल्या आठवड्यात गोवा व्हता."

मशीन कधी थांबलं होतं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मीनाबाई टपरीच्या खांबाला धरून उभी होती. हातात शिवलेलं कव्हर, दातात दोरा. तिनं दोरा तोडला आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या हातून रिकामी बशी काढून घेतली.

"उठा," ती म्हणाली. बोलून नाही, पदर खांद्यावर सारखा करून. म्हातारा लगेच उठला.

पावणा त्या दोघांकडे बघत राहिला. "म्हणजे हेच भाऊसो?"

"ह्येच की. रोज हितंच असत्यात. आप्पा ह्येंच्यादेखत ह्येना गोव्याला पाठवत्यात. ह्येना ऐकू येत न्हाई, म्हणून बरं चाललंय."

"जन्मापासनं?"

"जन्मापासनं कशाला! ते नटाचं सांगत्यात ते खरं हाय, पयलं लई तिखट कान व्हतं. दुसऱ्यांच्या छातीत दणका बसवता बसवता गेलं. मेटॅडोर आली तवा दोन वर्सं झालीवती. कुणाला सांगितलं न्हवतं, सांगितलं तर कोण काम देणार? ठोका ह्येनी मारायचा आन ऐकायचं मी. पर शेजारच्या दुकानापासनं किती दिस लपणार?"

एक ट्रकवाला चहा अर्धा टाकून उठला आणि उगाच टायर बघायला गेला.

"आप्पाचं ऐकू नका, पावणं," मीनाबाई म्हणाली. "त्या दिशी गाणं लागलंच न्हवतं. टेपाचा हिरवा दिवा तेवढा लावला आन समदी ह्येना म्हणाली, बघ भाऊसो. मी नारळ आणाय गेलती. ह्येनी दिवा बघितला, दारावर हात ठेवला. दार हलंना. हलणार कसं? ह्येना वाटलं, आपलं काम साधलं. आनंदानं म्हणालं, लई ग्वाड वाजतंय. मी नारळ घिऊन आले तर समदी पोट धरून हसत व्हती, आन ह्येबी त्यांच्यात हसत व्हतं. ह्येना वाटलं, गाणं आवडलं म्हणून हसत्यात."

"आणि त्या चार गाड्या?"

"बहिऱ्याकडं कोण स्पीकर बसवंल, पावणं? गाडी नारळ न फोडताच गेली. मागनं ट्रकबी यायचं थांबलं."

पावण्यानं भाऊसोकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे वळलेत हे बघून भाऊसोला वाटलं, काहीतरी विचारलंय. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, पण ती पावण्याकडे बघत होती. मग त्यानं टपरीच्या पत्र्यावर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान डोलावून म्हणाला, "ग्वाड. लई ग्वाड."

कुणी हसलं नाही. मी गाळणी आपटून चहाची पावडर झाडली. "अगं मीनाबाई, इतक्या वर्सांची गोष्ट, मानसाच्या ध्यानात ऱ्हातं व्हय समदं? कॅसेट घातलीवती मी. कुठंतरी अडकली असंल."

"आन ती कॅसेट होती तरी कुठं?" पावण्यानं माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं.

तिनं भाऊसोचं मनगट धरलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, आणि जाता जाता म्हणाली,

"आप्पांच्याच त्या उजव्या हातात व्हती की."