आरशाच्या काळ्या कडा

उस्तादच्या हाती मान देताना सलूनातल्या कुठल्याच गिऱ्हाइकाला कधी धाकधूक वाटली नव्हती. त्याचा वस्तरा असा फिरायचा की माणूस खुर्चीतच घोरायला लागे. पण गेले वर्षभर काहीतरी बिनसलं होतं. कोपर लागून पावडरचा डबा पडायचा, बाजूने येणारा माणूस अंगावर आदळेपर्यंत दिसायचा नाही, डोकं कायम ठणकायचं. आणि पठ्ठ्याने खापर फोडलं ते बिचाऱ्या आरशावर! "दोन्ही कडा काळ्या पडल्यात," म्हणत त्याने वडिलांच्या वेळचा आरसा उतरवून घरी नेला आणि नवा लावला. नव्याच्याही कडा काळ्याच दिसल्या, तेव्हा काचवाल्याशी कडाडून भांडला.

घरीही आलबेल नव्हतं. उस्ताद भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बायकोने केस मोकळे सोडून पाहिले, रुसून पाहिलं, शेवटी सरळ विचारलंही. "दमलोय गं," एवढंच उत्तर. खरं तर तो आतून हादरला होता. आपल्यातला पुरुषच आटला की काय, हे विचारायचं कुणाला? गिऱ्हाइकांशी जगभराच्या गप्पा हाणणारा हा माणूस या एका बाबतीत मूग गिळून बसला. तिने मात्र मनाशी धरून टाकलं की आता आपण याला नकोशा झालो.

एका सुट्टीच्या दिवशी ती त्या जुन्या आरशात बघत वेणी घालत होती.

"अहो, हा तर लख्ख आहे. काळा कुठाय?"

"डोळे फुटले का तुझे? कडांना बघ की."

तिने पुन्हा पाहिलं. मग हात धरून त्याला आरशासमोर बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. "स्वतःच्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही." तिने दोन्ही हात पसरून बोटं नाचवली. "किती बोटं?"

"कुठली बोटं?"

तिने हात खाली घेतले. "उद्यापासून वस्तऱ्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, रक्त तपासलं गेलं, डोक्याचं स्कॅनिंग झालं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून आडपडदा न ठेवता विचारलं, "बायकोजवळ जावंसं वाटतं?"

उस्तादने फरशीकडे पाहिलं. बायको म्हणाली, "वर्ष झालं."

"वाटलंच. यांचं प्रोलॅक्टिन फार वाढलंय. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिथे गाठ आलीय. कॅन्सर नाही, घाबरू नका. गाठ प्रोलॅक्टिन सोडते, त्याने इच्छा मरते. वर डोळ्यांच्या नसा दाबते, म्हणून बाजूचं दिसत नाही."

"प्रोलॅक्टिन म्हणजे?"

"बाळंतिणीला दूध येतं ना, ते त्याच्यामुळे."

उस्तादने दोन्ही हात छातीवर घेतले. "मला?"

बाईंना हसू आवरेना. "पुरुषांच्या अंगातही थोडं असतंच. आठवड्यातून दोनदा गोळी घ्यायची. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. नजरही बहुधा परत येते, पण वचन देत नाही."

बाहेर आल्या आल्या बायको ढसाढसा रडायला लागली. "म्हणजे मी नव्हते तर!"

"काय तू नव्हतीस?"

"मला वाटलं, मी नकोशी झाले तुम्हाला."

"अगं वेडे! मला वाटलं, मीच संपलो." आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून दोघं आधी रडले, मग येणारे-जाणारे बघत राहावेत इतके हसले.

सलूनला कुलूप लागलं. रोज सकाळी ती त्याच्यामागे उभी राहून आरशात बोटांची परीक्षा घ्यायची आणि तो नापास व्हायचा. दिवस गेले, गोळ्या चालू राहिल्या. मग एकदा तो ओरडला, "डाव्या हाताचा अंगठा! हलला बघ!" तिने तिथल्या तिथे त्याला मिठी मारली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून परवानगी दिली, तेव्हा उस्तादने आधी काचवाल्याची माफी मागितली आणि मग जुना आरसा सलूनात पुन्हा चढवला. पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून त्याने वस्तरा टेकवला. हात ठाम होता. तेवढ्यात बायको हातात चहाचा पेला घेऊन, पावलं न वाजवता, दाराच्या कडेने आत शिरली. शेवटची परीक्षा घ्यायची होती तिला.

उस्तादची मान जराही वळली नाही.

"डावीकडून आलीस," तो म्हणाला. "आणि आज केस मोकळे सोडलेत."

गिऱ्हाइकाने दचकून एक डोळा उघडला. बायकोने हसू दाबत चहाचा पेला फळीवर ठेवला.

"गाल हलवू नका," उस्तादने गिऱ्हाइकाला दटावलं. "नीट करू द्या. आज दुकान लवकर बंद करायचंय."