झोपेचा साक्षीदार

अण्णा नापास झाला तो तपासणी सुरू होण्याआधीच. दर दोन वर्षांनी ट्रक ड्रायव्हरांची वैद्यकीय तपासणी होते, त्या दिवशी डॉक्टर दोन तास उशिरा आले, आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या अण्णाचा डोळा लागला. नुसता लागला असता तर गोष्ट वेगळी. हा पठ्ठ्या बेफाम घोरला. डॉक्टर आले ते दारातच थबकले आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले. मग आत बोलावून टेपनं मानेचा घेर मोजला आणि कागदावर लिहिलं: झोपेत श्वास थांबत असल्याचा संशय, जड वाहन चालवण्यास तूर्त अपात्र. तीन महिने घरी राहायचं, रोज तोंडावर श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्राचा मुखवटा लावून झोपायचं, मग फेरतपासणी.

"दोन तास ताटकळत ठेवलंत तर कुणीही झोपेल," अण्णा म्हणाला.

"झोपलात त्याबद्दल तक्रार नाही. श्वास थांबला त्याबद्दल बोलतोय. घरचं कुणी सांगत नाही का तुम्हाला?"

घरचं कोण सांगणार, कपाळ? घरी अण्णाच होता, तोही महिन्यातून चार दिवस. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती.

नोकरी जाणार नव्हती, पगारही अर्धा चालू राहणार होता. भीती होती ती त्या तीन महिन्यांची. घर खायला उठतं म्हणजे काय, ते अण्णाला चार दिवसांतच कळायचं. पहिल्या दिवशी कपडे धुवायचे. दुसऱ्या दिवशी पंखा पुसायचा. तिसऱ्या दिवशी घडी केलेले कपडे उलगडून पुन्हा त्यांच्या घड्या घालायच्या, आणि चौथ्या दिवशी सकाळपासून बूट घालून बसायचं. असे नव्वद दिवस काढायचे म्हणजे माणूस भिंतीशी गप्पा मारायला लागेल. गाडीवर निदान टोलनाक्यावरची बाई "बरंय ना?" म्हणून विचारते, हॉर्न दिला तर समोरचा उलट हॉर्न देतो.

म्हणून त्यानं अपील करायचं ठरवलं. परवाना कार्यालयातल्या कारकून बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "शेवटचं पान बघा. तुम्हाला झोपेत जवळून पाहिलंय अशा माणसाचं लेखी निवेदन लागेल. घरचं, बाहेरचं, कुणीही चालेल. सात दिवसांत आणा."

कुणीही म्हणायला बाईंचं काय जातं. अण्णानं मुलीला फोन लावला.

"बाबा, मी काय लिहू?" ती म्हणाली. "मी तुम्हाला झोपलेलं कधी पाहिलंय? मी तुम्हाला निघतानाच पाहिलंय." ती रागानं बोलली असती तर अण्णाला बरं वाटलं असतं. तिनं साधंच सांगितलं, जेवलात का विचारलं आणि फोन ठेवला.

शेजाऱ्याकडे खडा टाकून पाहिला. तो म्हणाला, "तुम्ही घरी असलात की मला झोप नसते, एवढं लिहून देतो." हसण्यावारी गेलं ते. सहा दिवस असेच गेले आणि शेवटी एकच माणूस उरला, तो म्हणजे लंबू.

लंबू म्हणजे अण्णाचा जोडीदार. लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात, एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या बर्थवर पडदा ओढून झोपतो. सात वर्षं दोघांनी एकच गाडी अशी आळीपाळीनं चालवली. पण लंबूला एक खोड होती. मोकळा रस्ता असला तरी मध्येच ब्रेक मारायचा, आणि अण्णा बर्थवरून घरंगळायचा. सांगून सांगून अण्णा थकला आणि शेवटी त्यानं कंपनीत लेखी तक्रार केली, की या माणसाचा पाय बिघडलाय, हा कधीतरी माल उलटवेल. साहेबांनी विचारलं तेव्हा लंबू खाली मान घालून उभा राहिला. त्याला गाडीवरून उतरवलं. चार वर्षं झाली त्याला. तेव्हापासून अण्णा एका ड्रायव्हरच्या गाडीवर, एकटा.

आता कुठल्या तोंडानं जायचं? पण घोडं तिथेच अडलं होतं. सातव्या दिवशी दुपारी अण्णा गेला. लंबू शहराबाहेर वजनकाट्यावर कामाला होता. ट्रक काट्यावर आला की खिडकीतून वजनाची पावती द्यायची, एवढंच काम. खोलीत टेबल, खुर्ची आणि एक खाट.

"बसा," लंबू म्हणाला. पूर्वी 'अरे अण्णा' म्हणणारा आता 'अहो'वर आला होता.

अण्णानं फॉर्म पुढे केला. "श्वास थांबत नाही, एवढं लिहून सही दे."

लंबूनं वाचलं. "थांबतो की."

"काय?"

"तुमचा श्वास. तुमचं घोरणं इंजिनाच्या वरताण. ते बंद पडलं की मी दहा आकडे मोजायचो. सुरू नाही झालं, तर ब्रेकवर पाय दाबायचो. गाडी हिसका खायची, तुम्ही जागे व्हायचात आणि मला शिव्या घालायचात. शिव्या ऐकल्या की बरं वाटायचं."

अण्णानं विचारलं, "साहेबांसमोर का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तुमचीही गाडी गेली असती. एकाची गेली तेवढं पुरे होतं."

"निदान मला तरी सांगायचंस."

"फोन केले होते. तुम्ही उचलले नाहीत."

खरं होतं ते. अण्णानं मुद्दाम उचलले नव्हते. तो खाटेच्या कडेला बसून राहिला. आपण काय करून बसलो, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

"जुनं मी लिहून देईन," लंबू म्हणाला, "पण त्यांना आत्ताचं हवंय. झोपा इथे. बघतो आणि जे दिसेल ते लिहितो."

कुणी टक लावून बसल्यावर झोप कसली येतेय, असं म्हणत अण्णा आडवा झाला. आणि गेल्या सात रात्री तळमळत काढलेला तो माणूस दोन मिनिटांत घोरायला लागला.

लंबूनं खांदा हलवला तेव्हा सव्वाचार वाजले होते. बाहेर सहा ट्रकांची रांग लागली होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होते. लंबूनं काटा बंद ठेवला होता. पानावर त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: 'दीड तासात सतरा वेळा श्वास थांबला. सर्वांत जास्त बावीस सेकंद. मी पूर्ण वेळ शेजारी बसून होतो.' खाली सही.

"फाडायचं तर फाडा," लंबू म्हणाला.

"चुकलं रे माझं."

लंबू नुसतं "हं" म्हणाला आणि खिडकीशी जाऊन पहिल्या गाडीला हात केला. अण्णा पान उचलून निघाला.

पाचला दहा मिनिटं असताना कारकून बाईंनी पान वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "अहो, हे तुमच्याच विरोधात आहे. हे जोडलं तर अपील इथल्या इथे फेटाळलं जाईल. दुसऱ्या कुणाकडून लिहून आणा, मी परवापर्यंत सांभाळून घेते."

"हेच जोडा."

"तीन महिने घरी बसाल."

"बसेन."

बाईंनी हात टेकले, शिक्का मारला, फाइल बंद करायला घेतली. अण्णा खिडकीशी तसाच उभा.

"आणखी काय?"

"त्या शेवटच्या पानाची एक झेरॉक्स मिळेल?"

"कशाला आता? अपील संपलं."

"घरी ठेवतो," अण्णा म्हणाला. "'पूर्ण वेळ शेजारी बसून होतो' असं लिहिलंय त्यात."